संचातून घडवलेली पहिली ठासणीची रायफल

सुट्या भागांच्या संचातून ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी भरायची, रायफल करायची म्हटले की मळसूत्रे आवळली आणि काम संपले, अशी अनेकांची समजूत असते. खोके उघडल्यावर ती फार वेळ टिकत नाही. नळी तयार असते, लॉक, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा, जुळवलेले असते, पितळी भाग ओतीव आणि खरखरीत असतात आणि दस्त्याचे लाकूड यंत्रावर ढोबळ आकार देऊन, खोबणी मुद्दाम किंचित तंग ठेवून पाठवलेले असते. जोडण्यासारखे यात फार थोडे आहे; उरलेले सगळे काम लाकूड काढण्याचे आहे, आणि ते कुठे काढायचे यापेक्षा किती काढायचे हा प्रश्न अधिक अवघड आहे. नवशिक्याने केलेली रायफल जाणकाराला लांबूनच ओळखू येते, ती ओबडधोबड खोबणींमुळे नव्हे, तर अंगावर राहून गेलेल्या जादा लाकडामुळे, हे माझे ठाम मत या कामातून झाले आहे.

मी निवडलेला नमुना पेन्सिल्व्हेनियाच्या लांब रायफलचा आहे. अठराव्या शतकात जर्मन भाषक प्रदेशांतून आलेल्या कारागिरांनी आपल्याकडच्या आखूड, जाड नळीच्या शिकारी रायफलला लँकेस्टर आणि आसपासच्या भागात हळूहळू जे रूप दिले, तीच ही रायफल: लांब अष्टकोनी नळी, तुलनेने लहान व्यास, लाटांसारख्या रेषा असलेले मेपलचे लाकूड आणि विलक्षण सडपातळ बांधा. लँकेस्टरच्या जेकब डिकर्टसारख्या कारागिरांच्या जुन्या रायफलींची छायाचित्रे काम सुरू करण्यापूर्वी वेगवेगळ्या कोनांतून पाहून घ्यावीत, कारण संचासोबतचे माहितीपत्रक भाग कुठे बसवायचा ते सांगते, पण लॉकभोवतीचे लाकूड कुठवर उतरवायचे ते सांगत नाही. अमेरिकेच्या 1968 च्या संघीय बंदूक नियंत्रण कायद्यात चकमकीच्या जुन्या बंदुका आणि त्यांच्या प्रतिकृती ‘पुराण’ वर्गात मोडतात, म्हणून तिथे हा छंद मोकळेपणाने करता येतो. तरीही राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत, आणि इतर अनेक देशांत कायदा याहून पुष्कळ कडक आहे.

चकमक की टोपी, म्हणजे दारू गारगोटीच्या ठिणगीने पेटवायची की आघाताने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीने, हा पहिला निर्णय. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथने 1807 मध्ये आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट घेतले, त्यातून पुढे टोपीची बंदूक आली, आणि पहिल्या कामासाठी तीच सोपी असे बहुतेक जण सांगतात. मी तरीही चकमक घेतली. चकमकीच्या लॉकमध्ये गारगोटी, तिची धार झेलणारी पोलादी पट्टी, रंजकाची (पेटवणीच्या दारूची) वाटी आणि नळीचा कान (ज्यातून ज्वाळा आत जाते ते बाजूचे छिद्र) या चार गोष्टींचे एकमेकांशी जमावे लागते आणि ते का जमत नाही हे डोळ्यांना दिसते, हे तिचे मोठे शैक्षणिक मूल्य आहे. संच घेताना एक गोष्ट जरूर पाहावी: कानाचे छिद्र आधीच पाडलेले नसले तर उत्तम. मग लॉक बसवल्यानंतर, वाटीच्या वरच्या कडेच्या पातळीत आणि तिच्या मध्यावर ते छिद्र घेता येते. ते वाटीत खोल गेले तर रंजकाखाली गाडले जाते, आणि ज्वाळा आत शिरण्याऐवजी रंजक वातीसारखे जळत बसते.

नळी आधी बसवायची, कारण पुढचे प्रत्येक माप तिच्यापासून निघते. पद्धत जुनीच आहे. तेलात कालवलेली काजळी नळीच्या मागच्या भागाला अगदी पातळ लावायची, नळी खोबणीत ठेवून लाकडी हातोड्याने हलकेच ठोकायची, वर उचलायची, आणि लाकडावर जिथे काळा डाग उमटला असेल तेवढीच ढलपी धारदार पटाशीने काढायची. डाग नसलेल्या जागेला हात लावायचा नाही. सुरुवातीला डाग दोन-तीन उंचवट्यांवरच उमटतो, मग तो पसरत जातो, आणि जेव्हा नळीच्या मागच्या सपाट तोंडाचा सबंध ठसा लाकडावर एकसारखा उमटतो तेव्हा थांबायचे. ही शेवटची अट केवळ देखणेपणासाठी नाही. बार उडाल्यावर मागे येणारा धक्का त्या सपाट तोंडाने लाकडावर टेकला पाहिजे. तिथे फट राहिली तर सगळा भार मागच्या पोलादी जिभेवर येतो आणि दस्ता मनगटापाशी, म्हणजे मुठीच्या सर्वांत बारीक भागात, चिरतो. नळीच्या मागचा पोलादी बुच कारखान्यातूनच बसवून आलेला असतो. त्याच्याशी नवख्याने खेळू नये.

लॉकची खोबणही याच काजळीने होते, फक्त आतल्या कमानी आणि स्क्रू यांच्यासाठी खोली टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते. खोबणीत बसवल्यावर घोडा (गारगोटी धरणारा भाग) मोकळेपणाने फिरतो की आतला एखादा भाग लाकडाला घासतो, हे प्रत्येक टप्प्यावर पाहणे आवश्यक आहे, कारण घासणारे लॉक बाहेर काढून तपासले की निर्दोष दिसते. चाप कुठे बसवायचा हा प्रश्न त्यानंतर येतो. चाप ज्या खिळीवर फिरतो ती खिळ जितकी वर आणि लॉकच्या दांडीच्या (जी ढकलून चाप घोडा सोडतो) जितकी जवळ, तितका चाप हलका चालतो. संचातील खूण मात्र बहुधा सोयीची जागा दाखवते, योग्य जागा नव्हे. चाप चढवल्यावर घोडा अर्ध्या खाचेत, म्हणजे बार न उडण्याच्या सुरक्षित स्थितीत, घट्ट धरला जातो का, आणि चाप जोराने दाबूनही तिथून सुटत नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता खरे काम. नळी, लॉक, दस्त्याचे पितळी टोक आणि चापाचे कडे बसले की रायफल पूर्ण झाल्यासारखी वाटते आणि नेमक्या याच वेळी बहुतेक जण पॉलिश पेपर हातात घेतात. जुन्या रायफलींमध्ये नळीच्या दोन्ही बाजूंना वर येणारी लाकडाची भिंत जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते. संचात ती दुप्पट जाड येऊ शकते. लॉकभोवतीची सपाट चौकट अरुंद कडेसारखी दिसली पाहिजे, मनगट गोलसर आणि बारीक झाले पाहिजे, आणि दस्त्याची खालची रेष चापाच्या कड्यापासून टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे, तिला पोट असता कामा नये. यासाठी मरोड कानस आणि तासणी ही हत्यारे आहेत. पॉलिश पेपर उंचवटा घालवत नाही, तो फक्त गुळगुळीत करतो. खोलीतला वरचा दिवा बंद करून एका बाजूने तिरपा प्रकाश टाकला की समतल वाटणाऱ्या पृष्ठभागावरही सावल्या पडतात, आणि प्रत्येक सावली म्हणजे काढायचे राहिलेले लाकूड. भीती वाटते हे खरेच, कारण आत खोबणी आहेत आणि भिंत पातळ आहे. म्हणून अधूनमधून कॅलिपरने जाडी मोजत राहावे आणि आकड्यावर विश्वास ठेवावा.

नळी दस्त्याला आडव्या खिळ्यांनी अडकवतात. नळीखालच्या कड्यांतली छिद्रे गोल न ठेवता नळीच्या लांबीच्या दिशेने थोडी लांबट करावीत, म्हणजे हवेतल्या दमटपणाने लाकूड हलले तरी नळी ताणली जात नाही.

रंगासाठी मी फेरिक नायट्रेटचे द्रावण वापरले. ते लावल्यावर मेपल मळकट हिरवट-पिवळे दिसते आणि जीव खाली जातो. मग गरम हवेच्या यंत्राने तापवत नेले की क्षणार्धात तांबूस तपकिरी रंग उमटतो आणि लाटांच्या रेषा गडद होऊन वर येतात. हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच करावे. आम्ल लाकडात राहू नये म्हणून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घेऊन, पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. हात पातळच असावेत. जाड थर चिकट राहतो. नळीचा तपकिरी रंग म्हणजे नियंत्रित गंज: तेलाचा अंशही न राहू देता द्रावण लावायचे, दमट पेटीत ठेवायचे, वर आलेला सैल गंज जाड कापडाने घासून काढायचा आणि पोत एकसारखा होईपर्यंत हेच पुन्हा करायचे. शेवटी सोड्याच्या पाण्याने गंज थांबवून तेल लावले की झाले.

पहिले बार सुरक्षित जागी, आधारावर बांधून, दूर उभे राहून दोरीने उडवावेत. दारू काळीच वापरावी. धूररहित आधुनिक दारू अशा नळीत कधीही, थोडीसुद्धा, घालू नये. गोळी दारूवर टेकलेली असलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. म्हणून गोळी नीट बसल्यावर गजाचा (गोळी आत ढकलण्याच्या काठीचा) जेवढा भाग नळीबाहेर राहतो तिथे खूण करून ठेवावी आणि प्रत्येक वेळी ती पाहावी. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा शोषून पोलाद खाते, त्यामुळे त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून, तेल लावणे चुकवता येत नाही.

पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण, मी मुद्दाम उंच ठेवली आहे. माशी उंच असली की गोळी नेमाच्या खाली लागते, आणि कानशीने ती थोडी थोडी उतरवत नेली की गोळीही तितकीच वर येते; एकदा कापलेले पितळ मात्र परत वाढवता येत नाही. सध्या गोळ्या एकाच जागी जमत आहेत, पण नेमाच्या बऱ्याच खाली. दारूचे माप आणि गोळीभोवतीच्या कापडाची जाडी कायमची ठरेपर्यंत माशीला कानस लावणार नाही, कारण यांतले काहीही बदलले की नेम पुन्हा हलेल.