ओल्या फोनला चार्जर लावू नका

दादरला गाडीतून उतरून पूल ओलांडेपर्यंत पँटचा खिसा भिजतो, आणि घरी पोचल्यावर पहिलं काम असतं फोन चार्जिंगला लावणं. टाइप-सी पोर्टची वाट लागते ती नेमकी इथे. नुसतं पाणी शिरल्याने फारसं बिघडत नाही. त्या पाण्यात वीज सोडली की बिघडतं.

टॉर्च मारून पोर्टात बघा. मधोमध एक पातळ जीभ दिसेल, तिच्या दोन्ही अंगांना 12-12 बारीक सोनेरी पट्ट्या. प्रत्येक अंगाच्या चौथ्या आणि नवव्या पट्टीतून चार्जिंगची वीज येते. चौथीला खेटून असलेली पाचवी म्हणजे सीसी: केबल कुठल्या बाजूने लागली, चार्जर किती वीज देऊ शकतो, हे फोनला तिच्यावरून कळतं. दोघींच्या मध्यांत अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाण्याचा एक थेंब दोघींना जोडायला पुरतो. वीज आली की धन बाजूचा धातू झिजायला लागतो. आधी सोन्याचा मुलामा जातो, मग खालचा धातू, आणि काळे-हिरवे डाग उरतात.

फोन आयपी68 (धूळ-पाण्यापासून बचावाचा चाचणी करून दिलेला दर्जा) असला तरी या पट्ट्या उघड्याच असतात. सील आतल्या बोर्डाला वाचवतं, पट्ट्यांना नाही. शिवाय ती चाचणी गोड्या पाण्यात होते. मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटेचं पाणी उडालं असेल तर ते खारं, त्यातून वीज जास्त सहज वाहते. असा फोन, काचेला तडा नसेल तर, आधी साध्या पाण्याने हलका धुवा आणि मगच वाळवा.

वाळवायचं असं: केबल काढा, पोर्ट खाली धरून फोन तळहातावर हलके आपटा, पाणी निथळू द्या आणि अर्धा तास पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. केबलचं टोकही पुसून वाळवा, हे बरेच जण विसरतात. मग केबल लावल्यावर फोनने पडद्यावर ओलाव्याची सूचना दाखवली तर आणखी थांबा; कधीकधी पूर्ण दिवस लागतो. आयफोन तेव्हा 'इमर्जन्सी ओव्हरराइड'चा पर्याय दाखवतो, तो दाबू नका. फोन तांदळात खुपसू नका, पीठ आणि कण पोर्टात जाऊन बसतात. हेअर ड्रायरही नको, उष्णतेने सीलचा गोंद सैल होतो. घाईच असेल आणि सोय असेल तर फोनची पाठ कोरडी करून वायरलेस चार्जरवर ठेवा.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये फोन जोडला जाईपर्यंत चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलमध्ये मात्र बटण चालू असेपर्यंत टोकाशी 5 व्होल्ट कायम असतात. ओल्या खिडकीपाशी ती लोंबकळत असेल तर फोन नसतानाही तिचं टोक गंजतं. पावसाळ्यात बटण बंद करायची सवय लावाच.

पोर्ट कोरडा असूनही सूचना जात नसेल तर आधी दुसरी केबल लावून बघा. मग फोन बंद करून लाकडी टूथपिकने कोपऱ्यातला कापडाचा भुगा अलगद काढा. ओलावा धरून ठेवतो तो हाच. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, तिथे सिस्टिम ॲप्स दाखवा आणि 'यूएसबी सेटिंग्ज'चा कॅशे साफ करा.

केबल एका बाजूने लावली तर चार्ज होतं आणि उलटी लावली तर होत नाही, असं असेल तर एका अंगाची सीसी पट्टी गेली असण्याची शक्यता मोठी. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, आधी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) साफ करून मागा. त्याने भागलं नाही तर बऱ्याच अँड्रॉइड फोनांत चार्जिंगचा छोटा सब-बोर्ड मुख्य बोर्डापासून वेगळा असतो, तेवढाच बदलता येतो. मात्र फोन उघडला की कडेचा सील तुटतो. नवा गोंद किंवा गॅस्केट लावणार का, हे फोन हातात देण्याआधी विचारा. लावून घेतला तरी यापुढे फोन पाण्यात टिकेल असं धरून चालू नका.