मोबाईलातली वाट आणि मामांचं भात

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट जुलैत माणसांनी फुललेली असते. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले, त्याची आठवण म्हणून कुठून कुठून पोरं येतात. अशा मोहिमांआधी वाट चालून बघायची, तिचा ट्रॅक, म्हणजे चालताना जीपीएसनं नोंदवलेली वाटेची रेघ, साफ करायचा आणि नेटवर सगळ्यांसाठी टाकायचा, हे माझं काम. लोकांना वाटतं मी कोल्हापुरात एसीत बसून रेघा ओढतो. निम्मं काम चिखलातलंच असतं.

त्या दिवशी मसाई पठार उतरून वाडीकडं येत होतो. धुकं इतकं की पुढचा माणूस दिसत नव्हता. खाली शिवारात आरडाओरडा ऐकू आला म्हणून पाय उचलला. नुकत्याच लावलेल्या भातात एक घोळका गुडघाभर चिखलात उभा. पुढच्या पोराच्या हातात पिशवीत गुंडाळलेला मोबाईल. बांधावर खोळ घेतलेले एक मामा, हातात काठी.

“काका, वाट हितनंच दाखवतंय,” पोरगा म्हणत होता.

“दाखवतंय म्हंजे? माझं रोप दिसंना व्हय तुमास्नी? सकाळधरनं तिसरी टोळी हाय ही!”

पोरं गडबडीनं बाहेर आली, ती पण रोपं तुडवतच. मी तो मोबाईल घेऊन बघितला. तुटक रेघ सरळ खाचराच्या मधून गेली होती. ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरत होतं. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा कुणीही दुरुस्त करू शकतो, त्यामुळं कुणीही बिघडवूही शकतो. पण इथं कुणी मुद्दाम काही केलं असेल असं मला वाटत नाही. मोकळ्या आभाळाखालीही मोबाईलचं जीपीएस पाचेक मीटर इकडंतिकडं होतं, आणि बांध असतो हातभर रुंद. माणूस बांधावरून गेला तरी रेघ शेतात पडते. त्यात उपग्रहाचं चांगलं चित्र मिळतं ते बिनढगांच्या दिवसांतलं, म्हणजे बहुतेक भात कापून झाल्यावरचं. तेव्हा त्या शेतातून खरंच पायवाट पडलेली असते! घरबसल्या रेघ ओढणाऱ्याला जुलैतलं पाणी कुठून दिसणार?

मामांना म्हटलं, तुम्ही कुठनं जाता ते दाखवा. ते काही न बोलता चालू लागले. आधी पाणंद, मग उंबरापाशी ओढा ओलांडायचा, तिथनं वरच्या बांधानं थेट वाडीच्या देवळाशी. मी मागं मागं ट्रॅक घेत गेलो. उंबरापाशी थांबून जागेची खूण केली आणि लिहिलं: ‘पावसाळ्यात पाणंदीनंच जा, खाली भातशेती.’ ट्रॅक शेअर करणारे बरेचजण नुसती रेघ टाकतात. महिना नाही, पाणी किती ते नाही, दिशा नाही. मला अशा फायलींचा राग येतो.

रात्री घरी येऊन नकाशात पाणंद काढली. शेतातली रेघ नुसती पुसून भागत नाही. उद्या कोणीतरी तेच उन्हाळी चित्र बघून ती परत ओढणार. म्हणून बदलाचं कारण लिहिलं, त्या जागेवर सूचना ठेवली. तरी ज्यांनी नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घेतलाय, त्यांच्या मोबाईलात तो अपडेट करेपर्यंत जुनी वाट तशीच राहणार. म्हणून ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर नवीन फाईल टाकली आणि मोहीम नेणाऱ्यांना फोन केले.

निघताना मामांनी आणखी एक काम सांगितलं होतं. “पाणंदीच्या कडंला आमची म्हस बांधलेली असती. मारकी हाय. तेवढं पण लिवा मोबाईलात.”

म्हैस काही जगाच्या नकाशात टाकता येत नाही, ती उद्या दुसरीकडं बांधतील. पण आमच्या ट्रॅकच्या फाईलीत मी ती घातली आहे, आणि मोहीम नेणारे त्या सूचनेबद्दलच सगळ्यात जास्त विचारतात.