त्याच रस्त्यावर, त्याच पावसात: एका गाडीचा एअर फिल्टर कोरडा, दुसरीचा ओलाचिंब

भर पावसातला लांबचा प्रवास उरकून आलो. नजाऱ्यांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. बहुतेक वाट धुकं आणि पुढच्या ट्रकचा मागचा दिवा पाहण्यात गेली. लिहायचंय ते इंजिनाच्या एअर फिल्टरबद्दल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या घड्यांच्या कागदाबद्दल. आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो होतो. माझी आणि मित्राची, एकाच मॉडेलच्या, दोन्ही दीड लिटरच्या टर्बो डिझेल. रस्ता तोच, पाऊस तोच, वेगही साधारण सारखाच. तरी माझा फिल्टर शेवटपर्यंत कोरडा राहिला आणि त्याचा पहिल्याच टप्प्यात भिजला. हा फरक कशामुळे पडला ते शोधताना जे हाती लागलं, ते पावसात लांब निघणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल.

आधी हवेची वाट समजून घेऊ. आमच्या गाडीत हवा आत घेणाऱ्या पाइपचं तोंड हेडलाइटच्या मागे, फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) पोकळीत उघडतं. पुष्कळ गाड्यांत असंच असतं. काहींत ते ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या वर असतं. तिथून पाइप वळण घेऊन फिल्टरच्या डब्यात खालच्या बाजूने शिरतो, हवा फिल्टरमधून वर जाते आणि वरच्या पाइपने टर्बोकडे, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडे. ही वाकडी वाट मुद्दाम ठेवलेली असते. हवा वळते, पण पाण्याचा थेंब जड असल्यामुळे तो तितक्या चटकन वळत नाही. तो भिंतीवर आदळतो, डब्याच्या तळाशी उतरतो आणि तिथल्या छोट्या भोकातून बाहेर पडतो. थोडं पाणी आत येणार हे गाडी बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. फक्त ते भोक उघडं पाहिजे.

निघायच्या आधी मी डबा उघडला तेव्हा माझ्या गाडीचं ते भोक दिसतच नव्हतं. तळाशी बारीक मातीचा वाळलेला थर, त्यात एक पानाचा देठ आणि दोन-चार मेलेले किडे. जुन्या टूथब्रशने थर खरवडला, बारीक तार आरपार घातली, तेव्हा कुठे खालून उजेड दिसला. काही गाड्यांत या भोकाला रबराची चपटी चोच असते. ती पाणी बाहेर सोडते, आत घेत नाही. ती फाटली किंवा गळून पडली असेल तर नवी बसवा. भोकावर टेप मात्र लावू नका. ‘खालून पाणी शिरेल’ म्हणून टेप लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने आत आलेलं पाणी आतच साठतं.

मित्राला म्हटलं, तुझीही बघून घेऊ. तो म्हणाला, नुकतीच सर्व्हिसिंग करून आणलीय, कशाला?

आणखी एक गोष्ट केली होती. माझ्या गाडीच्या डब्यात, तळाच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्राची बोटभर पट्टी चिकटवून ठेवली. पट्टी कडेला, हवेच्या झोतापासून दूर आणि नीट चिकटलेली हवी. सुटी राहिली तर फिल्टरला जाऊन चिकटेल. भिजलेला कागद वाळल्यावरही सुरकुतलेला राहतो, त्यामुळे पाणी आलं होतं की नाही ते नंतरही कळतं.

पहिला टप्पा रुंद, सपाट रस्त्याचा. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. आभाळातून पडणाऱ्या पावसापासून फिल्टरला फारसा धोका नसतो, कारण बोनेट त्याला अडवतं. धोका असतो तो खालून उडणाऱ्या पाण्याचा. पुढचा ट्रक रस्त्यावरचं पाणी दळून त्याचा फवारा करतो आणि आपण त्याच्या मागे चिकटून चाललो की तो फवारा आपल्या ग्रिलमधून आत येतो. दुसरं म्हणजे आपलीच पुढची चाकं. वेगात धावणारा टायर पाण्याचा झोत सरळ चाकाच्या कमानीत मारतो. आमच्या इंजिनाला दोन हजार आरपीएमला, टर्बोचा जोर धरला नाही तरी, मिनिटाला साधारण १५०० लिटर हवा लागते. एवढ्या ओढीसमोर जे काही तरंगतंय ते आत जातंच.

दीडेक तास गेल्यावर मित्राचा फोन आला: गाडी ओढत नाहीये, जोर दिला की मागून काळा धूर दिसतोय. त्याचा संशय डिझेलवर होता. आडोसा बघून थांबलो आणि दोन्ही बोनेटं उघडली. माझ्या डब्यातली पट्टी कडेला जेमतेम ओलसर, फिल्टर कोरडा. त्याच्या डब्याच्या क्लिपा काढून झाकण उचललं तर तळाला बोटाच्या पेरभर पाणी, गढूळ. फिल्टरच्या खालच्या घड्या एकमेकींना चिकटून काळपट झालेल्या. वरची, म्हणजे इंजिनाच्या बाजूची, कोरडी होती, हे नशीब.

फिल्टरचा कागद भिजला की त्याचे तंतू फुगतात, छिद्रांत पाण्याचा पडदा धरतो आणि हवा कोंडते. डिझेलमध्ये हवा कमी आणि इंधन तेवढंच, म्हणून काळा धूर आणि मेलेला पिकअप. तसंच दामटत राहिलं तर मऊ झालेला कागद ओढीने वाकतो, कडेचं रबर जागेवरून सरकतं आणि मग पाणीच काय, धूळही फिल्टरला वळसा घालून थेट आत जाते. पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या तापलेल्या तारेवर थेंब बसले की त्याचं गणित बिघडतं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो.

आता कारण. पुढचं डावं चाक पूर्ण वळवून टॉर्च मारला. चाकाच्या कमानीत आतून जे काळं प्लास्टिक असतं, लायनर म्हणतात त्याला, ते पुढच्या कडेला लोंबत होतं. प्लास्टिकच्या क्लिपा जिथे असायला हव्यात तिथे नुसती रिकामी भोकं. सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी ते काढलं होतं आणि लावताना निम्म्या क्लिपांवर काम भागवलं होतं. हवेच्या पाइपचं तोंड आणि टायर यांच्यामध्ये त्या एका पत्र्याएवढ्या प्लास्टिकखेरीज दुसरं काही नसतं. ते सुटलं की टायरचा झोत थेट त्या तोंडावर. वर त्याच्याही डब्याचं भोक मातीने बुजलेलं. पाणी येण्याची सोय झाली होती आणि जाण्याची नव्हती.

उपाय तिथल्या तिथे झाला. रिकाम्या भोकांतून केबल टाय ओवून लायनर जागेवर आवळला, भोक मोकळं केलं, डबा आणि पाइप कोरड्या फडक्याने पुसले, आणि माझ्याकडचा सुटा फिल्टर बसवला. एक फिल्टर डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं हा माझ्या मते पावसाळी प्रवासातला सगळ्यात शहाणपणाचा खर्च. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या असल्याने तो कामी आला. पिशवी घट्ट बांधा, नाहीतर डिकीच्या दमटपणात तोच मऊ पडतो. झाकण बसवताना कडेचं रबर खाचेत नीट बसलंय का ते बोट फिरवून बघा आणि सगळ्या क्लिपा लावा. एक क्लिप राहिली तरी झाकणाचा कोपरा उचलला जातो.

भिजलेला फिल्टर वाळवून वापरता येतो का? घड्या सरळ असतील, कागद फाटलेला नसेल तर सावलीत, वाऱ्यावर वाळवून गरजेपुरता चालतो. कॉम्प्रेसरच्या नळीने हवेचा जोराचा झोत मारू नका, ओला कागद फाटतो. घड्या वाकड्या झाल्या असतील किंवा इंजिनाच्या बाजूने पाण्याचे डाग दिसत असतील तर तो टाकाच.

थांबलो होतो तिथे आमची दुरुस्ती बघायला जमलेल्यांनी बरेच सल्ले दिले. फिल्टरला प्लास्टिक गुंडाळा, पाइपच्या तोंडाला कापड बांधा, ग्रिलला पुठ्ठा लावा. यातलं काही करू नका. प्लास्टिक आणि कापड हवा कोंडतात, आणि कापड सुटून आत ओढलं गेलं तर वेगळीच आफत. पुठ्ठ्याने रेडिएटरची हवा अडते, इंजिन तापतं. पाणी झटकणाऱ्या कापडाची जाळी खास फिल्टरसाठी मिळते, ती फवाऱ्यापुरती ठीक, पण बुडाल्यावर तिचा उपयोग शून्य. बाजारू शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर ज्यांनी खाली बंपरच्या मागे बसवलाय, त्यांनी तर पावसाळ्यापुरता मूळ डबा परत लावावा. थंड हवेच्या नादात त्यांनी इंजिनाचं नाक रस्त्याला टेकवलेलं असतं.

घाटात पाऊस वाढला. कड्यावरून रस्त्यावर कोसळणाऱ्या पाण्याच्या धारा एकदोनदा बोनेटवरही आल्या, पण दोन्ही डबे ठीक राहिले. इथे महत्त्वाची ती बोनेटच्या कडेची रबरी पट्टी आणि काचेखालची, वायपरजवळची पन्हळ. पन्हळीत पानं साचली की पाणी तिच्या कडेवरून इंजिनावर ओसंडतं. ज्या गाड्यांत हवेचं तोंड याच बाजूला असतं त्यांनी ती निघण्याआधी साफ करावी.

खरी परीक्षा शेवटच्या टप्प्यात, एका फरशी पुलावर. पाणी पुलावरून वाहत होतं. आम्ही थांबलो. हवेचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते मी घरीच टेपने मोजलं होतं, ७० सेंटीमीटरच्या आसपास. पण म्हणून ६० सेंटीमीटर पाण्यात जाता येतं असा हिशेब करू नका. गाडी चालली की बंपरपुढे लाट उठते, ती पाण्याच्या पातळीहून बरीच उंच असते. आणि वाहत्या पाण्यात ३० सेंटीमीटरलाच छोटी गाडी हलकी होऊन सरकू लागते. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की माझ्या लेखी रस्ता बंद. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तो पाळा.

आम्ही थांबलेलो असताना मागून एक गाडी आली आणि न थांबता वेगात पाण्यात घुसली. लाट बोनेटच्या कडेपर्यंत चढली, गाडी अर्ध्यावर गेली आणि एक ठोका देऊन बंद पडली. आतला माणूस लगेच सेल मारायला लागणार तेवढ्यात आम्ही सगळे काठावरून ओरडलो: ‘सेल मारू नका!’ त्याने ऐकलं. दोर लावून गाडी मागे ओढली. त्याचा फिल्टर बाहेर काढला तर पिळल्यासारखं पाणी गळत होतं आणि वरच्या पाइपच्या आतही थेंब होते.

ओरडण्याचं कारण साधं आहे. पाणी दाबलं जात नाही. आमच्यासारख्या दीड लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान ३७५ सीसी. कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, १६ला १ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त २५ सीसी. म्हणजे दोन मोठे चमचेसुद्धा पाणी नको; त्याहून कमी पाण्यात पिस्टन वर जाऊच शकत नाही आणि त्याला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. पेट्रोलमध्ये ही जागा थोडी जास्त असते एवढंच. पाण्यात गाडी बंद पडली की किल्ली बंद, ढकला किंवा ओढा. मग मेकॅनिककडून पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी काढायचं. टर्बो असेल तर इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा भाग, जरूर उघडायला सांगा. तो खाली असतो, पाणी त्याच्या तळाशी साठून राहतं आणि सगळं कोरडं केल्यावर पहिल्याच ॲक्सिलरेटरला आत ओढलं जातं. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसलं तर ऑईल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

आम्ही पाणी उतरेपर्यंत बसून राहिलो. पुलाच्या कडेचे दगड पूर्ण दिसू लागले आणि टायरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी उरलं तेव्हा निघालो. एसी बंद, कारण एसीबरोबर रेडिएटरचा पंखा चालतो, आणि तो पाण्यात फिरला तर पाणी इंजिनभर उडवतो आणि त्याची पाती मोडू शकतात. पहिला गिअर, चालत्या माणसाचा वेग, मध्ये गिअर बदलणं नाही, थांबणं नाही. एकसारखा हळू वेग ठेवला की लाट पुढे राहते आणि बोनेटखाली पाण्याची पातळी उलट खाली जाते. थांबलात की ती लाट परत फिरून आत भरते. एका वेळी एकच गाडी, आणि समोरून मोठं वाहन येत असेल तर ते पार होऊ द्या, त्याची लाट आपल्या लाटेवर चढते. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवले आणि डबे उघडले. दोन्ही कोरडे.

परत आल्यावर गाडी चिखलाने माखलेली असते आणि धुणारा माणूस प्रेशरची नळी घेऊन बोनेट उघडतो. त्याला आधीच सांगा: इंजिनावर नळी नको, ग्रिलमध्ये आणि चाकाच्या कमानीत जवळून झोत नको. धुऊन झाल्यावर डब्याची झाकणं एकदा उघडून बघा. मित्राच्या लायनरला आता नव्या क्लिपा लागल्या आहेत, तरी केबल टाय त्याने काढलेले नाहीत. राहू देत म्हणाला.