डिंक कुठल्या बाजूला राहिला?

२०१७ च्या रोबोकॉनसाठी, म्हणजे कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धेसाठी, आमच्या टीमने रोबो बांधला तेव्हा मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. आंतरराष्ट्रीय फेरी टोकियोला होती. खेळ 'असोबी'. तीन मिनिटांत मऊ चकत्या फेकून सात गोल चौथऱ्यांवरचे चेंडू उडवायचे आणि चकत्या नेमक्या त्या चौथऱ्यांवर बसवायच्या. देशातली फेरी मार्चमध्ये बालेवाडीला, म्हणजे आमच्या हातात एक पावसाळा आणि एक हिवाळा होता. त्यातला हिवाळा बराचसा चिकटवण्यात गेला. त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण मोटर, सेन्सर, कोडिंग या सगळ्यावर सीनियर भरभरून बोलतात, पण डिंक कसा लावायचा हे आम्हाला कुणी बसवून शिकवलं नव्हतं.

चकती फेकायला आम्ही फिरता रोलर वापरला होता. १०० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा रोलर, त्याभोवती ४० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड रबराची पट्टी. चकती या रबराला घासून बाहेर पडते, त्यामुळे पट्टी जरा जरी सरकली तरी नेम चुकतो. पहिल्या वेळी आम्ही पट्टी सुपरग्लूने चिकटवली. अर्ध्या मिनिटात घट्ट बसली, हाताने ओढून पाहिली, हलली नाही. डिसेंबरच्या एका रात्री मोटर मिनिटाला २००० फेऱ्यांवर नेली आणि फट्‌कन आवाज झाला. पट्टी सुटून झाकणावर आदळली होती. झाकण होतं म्हणून कुणाला लागलं नाही.

नंतर हिशेब मांडला तेव्हा अंगावर काटा आला. त्या वेगाला रोलरच्या कडेवरची वस्तू स्वतःच्या वजनाच्या दोनशे वीस पटींनी बाहेर ओढली जाते. आमची पट्टी असेल ४५ ग्रॅमची, म्हणजे डिंकावर साधारण दहा किलोचा ओढा.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या सरांनी सुटलेली पट्टी हातात घेतली आणि एकच विचारलं, "डिंक कुठल्या बाजूला राहिलाय?" आम्ही पाहिलंच नव्हतं. सगळा डिंक रबरावर होता आणि ॲल्युमिनियम आरशासारखं लख्ख. म्हणजे डिंक तुटला नव्हता, त्याने ॲल्युमिनियमला धरलंच नव्हतं. रोलर लेथवरून उतरवून आम्ही कॉटन वेस्टने, म्हणजे सुती धाग्यांच्या बोळ्याने, पुसला होता, आणि ते कॉटन वेस्ट दिवसभर लेथवर तेल पुसायलाच वापरलेलं. तेलाच्या त्या पातळ थरावर डिंक बसला होता.

मग रोलर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवाउभा घासला, नव्या सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसला आणि त्यानंतर बोट लावू दिलं नाही. रबराची चकचकीत बाजूही घासली. पुन्हा सुपरग्लू. या वेळी चार दिवस टिकलं, मग पट्टीचं एक टोक उचललं गेलं. आता डिंक दोन्ही बाजूंना होता, काचेसारखा तडकलेला. सुपरग्लू वाळला की कडक आणि ठिसूळ होतो. खाली दबणारं-ताणणारं रबर, वर दणके, त्यात तो तडकणारच. शिवाय टोकापासून सोलत गेलं की सगळा भार एका बारीक रेषेवर येतो. सेलोटेप सरळ ओढून निघत नाही, कोपऱ्यातून सोलली की सहज निघते, तसंच हे.

(सुपरग्लू वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. सांडलेला सुपरग्लू कापसाने किंवा कॉटन वेस्टने पुसू नका. आमच्यातल्या एकाने पुसला आणि हातातल्या बोळ्यातून धूर निघाला. सुती धाग्यांवर तो इतक्या वेगाने घट्ट होतो की हात भाजेल एवढी उष्णता निघते.)

उपाय सापडला कॉलेजच्या गेटसमोर. तिथे बसणारे चप्पल-बुटांचे काका रोज रबर चिकटवत होते आणि आम्ही रोज त्यांच्यासमोरून जात होतो. मी रोलर आणि पट्टी घेऊन गेले. त्यांनी आधी नखाने रबर खरवडून पाहिलं. मग रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, पट्टीची दोन्ही टोकं तिरकी तासली, इतकी की टोकाशी रबर कागदाएवढं पातळ झालं. "टोकाला टोक भिडवू नका ताई. एकावर एक चढवा, तिरकं. मग उचलायला धार गावत नाय." कुठलं टोक वर घ्यायचं ते ठरवण्याआधी रोलर कुठल्या बाजूने फिरतो हेही त्यांनी विचारून घेतलं.

मग सोल्युशन, म्हणजे चपला चिकटवायचा रबरी डिंक. रोलरला पातळ थर, रबराला पातळ थर, आणि दोन्ही बाजूला ठेवून त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाईकाची चप्पल हातात घेतली. मला घाई होती, मी विचारलं की चिकटवायचं का. "वल्ल्यावर चिकटवलं तर आतलं थिनर आतच ऱ्हातंय. बोट लावून बघा. चिकट लागलं पायजे, पण बोटाला यायला नको." दहाबारा मिनिटं गेली असतील. मग एकदाच, न सरकवता, पट्टी गुंडाळली आणि लाकडी हातोडीने मधून टोकाकडे ठोकत नेली. किती वेळ दाबून धरलं यापेक्षा किती जोरात दाबलं याला या डिंकात महत्त्व असतं, हे मी नंतर फेव्हिबाँडच्या माहितीतही वाचलं. काकांना ते हातानेच ठाऊक होतं. त्यांनी दहा रुपये सांगितले, आम्ही पुढचे सगळे रोलर त्यांच्याकडूनच करून घेतले आणि दर वेळी एका ज्युनियरला शेजारी बसवलं.

बाकीच्या जोडण्या रोलरइतक्या अवघड नव्हत्या, पण जानेवारीने एक धडा शिकवला. फ्रेमच्या नळ्यांमध्ये ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवून ते अ‍ॅराल्डाइटने पक्के केले होते. हा दोन भागांचा इपॉक्सी डिंक, राळ आणि हार्डनर समान मापाने, रंग एकसारखा होईपर्यंत घोटलेलं. सकाळी पाहिलं तर डिंक अजून नखाला लागत होता. माप चुकलं म्हणून आम्ही एकमेकांवर चिडलो. चूक मापात नव्हती, रात्र थंड होती आणि वर्कशॉपला पत्र्याचं छप्पर. इपॉक्सी थंडीत फार सावकाश धरतं. मग खोक्यात १०० वॉटचा बल्ब लावून जोड त्यात ठेवायला लागलो. खोक्यातला थर्मामीटर ४५ अंशांपर्यंत जाई आणि सकाळी जोड दगडासारखा. पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सीही मिळतं, पण भार पेलणाऱ्या जोडाला आम्ही ते वापरलं नाही. ते फक्त सेन्सरच्या पट्ट्यांना.

कनेक्टर निसटू नयेत म्हणून ग्लू गनचा एकेक थेंब पुरला. काढताना कडेला अल्कोहोल सोडलं की तो अलगद सुटतो.

थ्रेडलॉकरने मात्र एक रात्र खाल्ली. शाफ्टवरचे ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे छोटे स्क्रू, थरथरीने ढिले पडत, म्हणून निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, आणलं. हवा नाही आणि धातूचा स्पर्श आहे अशा जागी ते घट्ट होतं, त्यामुळे आट्यांतलं तेल पुसून एक थेंब पुरे. लाल आम्ही लांब ठेवलं, ते सोडवायला हीट गन लागते. पण एका ज्युनियरने मन लावून पॉलिकार्बोनेटच्या झाकणाच्या स्क्रूंनाही ते निळं लावलं. सकाळी प्रत्येक भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. ताण असलेल्या अशा प्लास्टिकला हे रसायन चिरतं, हे त्याला आम्हीच सांगायला हवं होतं. नवं झाकण कापलं आणि तिथे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, सहज न सुटणारे नट लावले.

बालेवाडीला पिटमध्ये, म्हणजे टीमच्या तयारीच्या जागेत, शेजारच्या टीमची एक मुलगी सुटलेलं रबर आणि सुपरग्लूची ट्यूब घेऊन धावत आली, पॉलिश पेपर मागायला. मी पेपर दिला, अल्कोहोल दिलं, आणि तिला सोल्युशनचा डबाही दिला. तिच्याकडे पंचवीस मिनिटं होती. त्यातली बारा तिने नुसतं थांबायला वापरावीत यासाठी मला तिच्याशेजारी बसून राहावं लागलं. तिचं रबर त्या मॅचमध्ये टिकलं.

आमचंही टिकलं. एप्रिलमध्ये रोबो सुटा करताना रोलर परत हवा होता, म्हणून मी आणि एक ज्युनियर रोलरवरचं रबर काढायला बसलो. पकडीने टोक धरून ओढलं तर पट्टी मधूनच फाटली. अर्धं रबर पकडीत, अर्धं रोलरवर. ज्युनियरने तुकडा उजेडात धरला, उलटा केला आणि डिंक कुठल्या बाजूला आहे ते शोधायला लागला.