डोकं हाय, बूड टिकत न्हाई

माझ्याकडे काउन्सेलिंगला येणाऱ्या एका गृहस्थांचं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप आहे. (ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदललेत.) मशीन बिघडलं तर रात्रभर पाना घेऊन उभे राहतील, पण बिल करायला बसवलं की थोड्याच वेळात चहाच्या टपरीवर. पहिल्याच भेटीत त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "मॅडम, डोकं हाय हो ह्यांना, बूड टिकत न्हाई."

मनोविकारतज्ज्ञांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं अवघड करणाऱ्या विकाराचं, निदान केलं होतं. त्यासाठी लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. त्यांच्या आईने शाळेत हरवलेल्या दप्तरांची यादीच ऐकवली. गोळी चालू होती. गोळीने बसवतं, पण बसल्यावर आधी काय उरकायचं ते गोळी सांगत नाही. औषध घेऊनही त्रास उरलेल्या 86 प्रौढांचा अभ्यास अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसतं रिलॅक्सेशन आणि माहिती मिळालेल्यांपेक्षा सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, घेतलेल्यांना जास्त फरक पडला. आपल्याकडे मात्र काउन्सेलिंग म्हणजे चार समजुतीच्या गोष्टी, असंच लोक धरून चालतात.

पुढच्या एका भेटीत मी गप्पा मारल्याच नाहीत. रखडलेलं कोटेशन माझ्यासमोरच करायला सांगितलं. घरी घड्याळ लावून त्यांनी स्वतःचं लक्ष किती वेळ टिकतं ते मोजलं होतं, तेवढाच टायमर लावला. मध्येच काही आठवलं तर बाजूच्या कागदावर लिहायचं, उठायचं नाही. घंटा झाली की मग ठरवायचं, त्यातलं काय आत्ता हवंय.

घंटा झाली. कागदावर होतं: अनगोळची पार्टी फोन. लाईट बिल. ड्रिल बिट. पोरीची फी. आणि खाली, जरा बारीक अक्षरात: माझ्यानं कायबी पुरं होत न्हाई.

"हे कधी आलं?"

"जीएसटी धरायला घेतला तवा. काम संपत आलं की हेच येतंय. मग उठतोय मी."

एरवी सगळं खापर मोबाईलवर फुटतं. इथे तर मोबाईल बॅगेत होता.

"कोण म्हणायचं असं?"

"बाबा. गल्लीत, सगळ्यांसमोर."

बाबांवर बोलत बसलो असतो तर ती वेळ तिथेच गेली असती. मी विचारलं, "कामगारांचा पगार कधी चुकलाय?"

"छे! एकदाबी न्हाई."

"तो कसा काय पुरा होतो?"

ते विचारात पडले. "दारात उभे असतात की मॅडम ते."

मग कोटेशनलाही कुणीतरी दारात उभं करायचं ठरलं. गुरुवारी चारला गिऱ्हाइकाला आधीच फोन करून सांगायचं, 'पाचपर्यंत पाठवतो', आणि मिसेसनी शेजारी आपलं काम घेऊन बसायचं. आठवण करायची नाही, टोकायचं नाही, नुसतं बसायचं. ही अट मिसेसनाच जास्त जड गेली.

राहिलेला जीएसटी धरून त्यांनी खुर्चीतूनच कोटेशन कोल्हापूरला व्हॉट्सअॅप केलं. "रेट जरा कमीच लागला बघा. पण गेलं."

"गुरुवारी रेट मी बघतो," मिसेस म्हणाल्या. बेळगावच्या बायका अशाच बोलतात.