व्हॅलेंटाइन, नेब्रास्का : काळोख सगळीकडे आहे, दक्षिण कुठे मोकळी आहे ते बघा

आकाशदर्शनाला जागा शोधायची म्हटली की बहुतेक जण प्रकाशप्रदूषणाचा नकाशा उघडतात, त्यातला सगळ्यांत काळा भाग हेरतात आणि गाडी काढतात. शिकागो किंवा ओमाहाच्या आसपास ही पद्धत चालते. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेजवळच्या व्हॅलेंटाइनला मात्र ती कामाची नाही, कारण तिथं गावाबाहेर पडलं की नकाशा सगळीकडे काळाच दिसतो. गावाची वस्ती २,६०० च्या आसपास. ते ज्या चेरी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे तिचं क्षेत्रफळ सुमारे ६,००० चौरस मैल, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या जवळपास दीडपट, आणि माणसं साडेपाच हजारांच्या घरात. साताऱ्यात २०११ च्या जनगणनेत ३० लाख होती. दिवेच नाहीत, तर उजेड कुठून येणार?

मग जागा निवडायची कशावरून? आम्ही ती दक्षिण क्षितिजावरून निवडली, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगेन.

कारण साधं आहे. व्हॅलेंटाइन साधारण ४३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, सातारा १८ च्या अलीकडे. महाराष्ट्रातून ज्येष्ठा नक्षत्राचा लाल तारा मध्यमंडलावर, म्हणजे दक्षिणेला सगळ्यांत उंच, येतो तेव्हा ४५ अंशांच्या आसपास उंच असतो. इथं तो जेमतेम २१ अंश चढतो. वृश्चिकाची नांगी, आपलं मूळ नक्षत्र, इथं १० अंशांवरच राहते. आकाशगंगेचा गाभा ज्या दिशेला आहे तो धनू राशीचा भाग १८ अंश. वांगणीला किंवा भंडारदऱ्याला रात्र काढलेल्यांना धनू-वृश्चिक डोक्याच्या बाजूला बघायची सवय असते. इथं तेच वैभव क्षितिजाला टेकून दिसतं. दक्षिणेला एखादी टेकडी, झाडांची रांग किंवा गावाचा उजेड आला, की उन्हाळी आकाशातला सगळ्यांत श्रीमंत भाग गेलाच म्हणून समजा. अगस्त्य तर इथं कधी उगवतच नाही.

आम्ही ऑगस्टच्या उत्तरार्धात, पोळ्याच्या अमावस्येला धरून गेलो. साताऱ्याहून आई आल्या होत्या (माझ्या सासूबाई), त्यामुळे प्रवास बेताबेताने केला. ओमाहाहून हे अंतर सुमारे ३०० मैल. २७५ नंबरच्या हायवेने नॉरफोक करत ओनील, तिथून पुढे २० नंबरने एन्सवर्थ करत सरळ पश्चिमेला. पाच तास गाडीचे, शिवाय थांबे. नॉरफोकपर्यंत मका आणि सोयाबीन, ओनीलनंतर शेती विरळ होत जाते आणि मग सँडहिल्स सुरू होतात. या खरोखरच वाळूच्या टेकड्या आहेत, वर गवताची साय धरलेली. गवत गेलं तर वाळू पुन्हा चालू लागेल, म्हणून इथले लोक या गवताला फार जपतात. गाडी रस्ता सोडून गवतात घालू नये, याचं एक कारण हे. दुसरं कारण असं की चाक वाळूत रुतलं तर ओढून काढायला रात्री कोणी येणार नाही.

आता जागा.

मेरिट रिझर्व्हॉयर ही मुख्य. व्हॅलेंटाइनहून ९७ नंबरच्या रस्त्याने नैर्ऋत्येला सुमारे २६ मैल. स्नेक नदीवर १९६० च्या दशकात बांधलेल्या धरणाचा हा जलाशय, आणि भोवती राज्याचं मनोरंजन क्षेत्र आहे. २०२२ साली त्याला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला. त्याच्या खूप आधीपासून, १९९४ पासून, उन्हाळ्यातल्या अमावस्येच्या सुमारास इथं नेब्रास्का स्टार पार्टी भरते. देशभरातले हौशी लोक मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन येतात आणि अनोळखी माणसालाही प्रेमानं दाखवतात. दुर्बीण नसेल, आकाश नव्यानं शिकायचं असेल, तर याच आठवड्यात जा. फक्त नोंदणी आणि राहायची सोय फार आधी करावी लागते.

मेरिट इतकं चांगलं का, ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. व्हॅलेंटाइनचा काय तो फिकट उजेड ईशान्येला पडतो, म्हणजे ज्या बाजूला उन्हाळ्यात आपल्याला फारसं काम नाही तिकडे. दक्षिणेला मैलोनमैल फक्त सँडहिल्स. जलाशयाच्या काठाने कॅम्पिंगच्या बऱ्याच जागा आहेत. पाणी आपल्या दक्षिणेला येईल असा काठ निवडा, म्हणजे समोर अडसरच राहत नाही. उलट बाजूला राहिलात तर मागच्या टेकडीत मूळ नक्षत्र गडप होतं.

एक अडचण आहे. ही मासेमारी आणि बोटींचीही जागा आहे. शनिवार-रविवारी कॅम्पर गाड्यांच्या बाहेर दिव्यांच्या माळा असतात, रात्री उशिरापर्यंत बोटी बाहेर काढणं चालतं. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार धरा. शेजाऱ्यांना संध्याकाळीच जाऊन सांगितलं की आम्ही तारे बघायला आलोय, तर बहुतेक जण स्वतःहून दिवे बंद करतात. आमच्या शेजारचं कुटुंब तर खुर्च्या घेऊन आमच्याकडेच येऊन बसलं.

स्मिथ फॉल्स स्टेट पार्क गावाच्या पूर्वेला, नायोब्रारा नदीच्या खोऱ्यात आहे. ६३ फुटांचा धबधबा, राज्यातला सर्वांत उंच, आणि दिवसा नदीत ट्यूबमध्ये बसून तरंगत जायची मजा. काळोख उत्तम. पण खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना उतार आणि पाइनची झाडं, त्यामुळे डोक्यावरचं आकाश तेवढं मिळतं. अभिजित आणि हंस इथं ऑगस्टमध्ये अगदी माथ्यावर येतात, तेवढ्यापुरतं ठीक. मुलांबरोबर सहलीला गेलेल्यांनी तिथंच मुक्काम करावा. केवळ आकाशासाठी जाणाऱ्यांनी नाही.

गावाबाहेर काउबॉय ट्रेलचा (जुन्या रेल्वेमार्गावरच्या पायवाटेचा) जुना रेल्वेपूल आहे. नदीच्या पात्रापासून सुमारे दीडशे फूट उंच, पाव मैल लांब. संधिप्रकाशात ग्रह आणि पहिले तारे बघायला सुरेख. लांब जायचं नसेल तर ही एक संध्याकाळ पुरेशी आहे.

फोर्ट नायोब्रारा आणि व्हॅलेंटाइन नावाची दोन राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यं जवळ आहेत. नकाशावर दोन्ही मोहात पाडतात, पण त्या दिवसा फिरायच्या जागा आहेत. फोर्ट नायोब्राराला बायसन बघा आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा. ९७ नंबरच्या रस्त्याच्या कडेला गाडी लावून बघायचा विचारही करू नका. रस्ता अरुंद आहे, आणि कुंपणापलीकडची बहुतेक सगळी जमीन खासगी रँचची. कुंपण ओलांडणं म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात शिरण्यासारखंच आहे.

रात्रीचं वेळापत्रक महाराष्ट्राच्या सवयीनं आखू नका. ऑगस्टच्या उत्तरार्धात साताऱ्याला सव्वाआठपर्यंत पूर्ण अंधार झालेला असतो. व्हॅलेंटाइनला सूर्य साडेआठच्या पुढे मावळतो आणि खरा काळोख सव्वादहाला होतो. जुलैअखेरीस तर अकरा वाजतात. तोवर वृश्चिक नैर्ऋत्येकडे कलायला लागलेला असतो. म्हणून आधी दक्षिण. दहापासून साडेबारापर्यंत फक्त धनू आणि वृश्चिक बघा, साध्या द्विनेत्रीने (बायनॉक्युलरने) एकेक धूसर ठिपका शोधा. मेघासारखे दिसणारे बरेच डाग द्विनेत्रीत तारकागुच्छ निघतात. एकच्या पुढे गाभा मावळतो. मग खुर्ची फिरवायची आणि उत्तर-पूर्वेला वळायचं. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी) डोळ्यांनी सहज दिसते, लांबट, कडा विरलेली. द्विनेत्रीत तिचा विस्तार बघून हरखून जायला होतं.

आकाशगंगेचं काय सांगू? तिच्यातली काळी फट हंसापासून पार खाली धनूपर्यंत अखंड दिसते. तारे इतके असतात की ओळखीची नक्षत्रंच सापडेनात. श्रवण कुठला, हे मला दोनदा तपासून घ्यावं लागलं.

आईंना लहानपणापासून आकाश ओळखीचं. त्यांनी सवयीनं उत्तरेला खाली बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ध्रुव एवढा वर कसा गेला?" त्यांच्या गच्चीवरून तो १८ अंशांवर असतो, इथं ४३. आणि त्यामुळेच सातही ऋषी इथं मावळत नाहीत. आपल्याकडे वर्षातले काही महिने ते संध्याकाळी दिसतच नाहीत. इथं ते रात्रभर ध्रुवाभोवती फिरत राहतात. ऑगस्टअखेरीस साडेतीनच्या सुमाराला ते उत्तर क्षितिजाला अगदी लागून येतात आणि शेपटाचा तारा पहाटेपर्यंत जमिनीपासून दोनच अंशांवर येतो. आई त्यासाठी शाल गुंडाळून जाग्या राहिल्या. समोर शर्मिष्ठा उंच चढलेली, पूर्वेला कृत्तिका आणि रोहिणी. महाराष्ट्रातून आई-वडील आले असतील तर त्यांना हे जरूर दाखवा; ओळखीचं आकाश वेगळ्या जागी मांडलेलं बघण्यात फार आनंद आहे.

अमावस्या कालनिर्णयवरून बघितलीत तरी चालते, एखाद्या दिवसाचा फरक धरा. उल्का हव्या असतील तर १२-१३ ऑगस्टची ययाती तारकासमूहातल्या उल्कावर्षावाची रात्र साधा. २०२६ साली ती नेमकी अमावस्येला येते.

तयारीचं थोडं. नेब्रास्काच्या राज्य उद्यानांत गाडीला प्रवेश परवाना लागतो, कॅम्पिंगचं शुल्क वेगळं. दोन्ही ऑनलाइन आधी काढता येतात. पेट्रोल व्हॅलेंटाइनमध्ये भरून घ्या. फोनच्या रेंजवर विसंबू नका, आकाशाचा आणि रस्त्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. दिवसा उन्हाने भाजून निघालात तरी पहाटे स्वेटर आणि कानटोपी लागतेच, आणि दव इतकं पडतं की द्विनेत्री उघडी राहिली तर भिंगं ओली होतात. बंद बूट घाला: वाळूत काटेरी बोंडं आहेत, आणि या भागात रॅटलस्नेकही आहेत. लाल दिवा हवा. साध्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद चिकटवला तरी पुरतो. डासांचं मलम विसरू नका, पण लावल्यावर हात पुसल्याशिवाय भिंगाला लावू नका. शाकाहारी असाल तर जेवण बरोबर ठेवा. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी शेवटपर्यंत टिकली, आणि पहाटे दोनला थर्मासमधला चहा.

हवामानाचे दोन धोके. एक, उन्हाळी वादळं. विजा दिसल्या की तंबू सोडून गाडीत बसायचं. दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो, तो म्हणजे पश्चिमेकडच्या वणव्यांचा धूर. ढग नसतात, अंदाजात आकाश निरभ्र म्हणून येतं, आणि क्षितिजाजवळचे वीसेक अंश राखाडी होऊन जातात. नेमके आपल्याला हवे तेच वीस. म्हणून निघण्याआधी ढगांबरोबर धुराचाही नकाशा बघा, आणि जमल्यास दोन रात्री हाताशी ठेवा.

माउंट रशमोर आणि बॅडलँड्सची सहल तशीही आपल्यातले पुष्कळ जण करतात. व्हॅलेंटाइनहून ८३ नंबरचा हायवे उत्तरेला साउथ डकोटात जाऊन आय-९० या महामार्गाला मिळतो, त्यामुळे जाताना किंवा येताना इथं मुक्काम बसवणं अवघड नाही. फक्त रात्रभर जागून सकाळी लगेच गाडी हाकू नका, आणि रात्री मेरिटहून गावात परत यायचं असेल तर सावकाश या. हरणं रस्त्यावर येतात.