लागोसचा जनरेटर आणि कोथरूडचा जनरेटर

लागोसमध्ये भाड्याचं घर बघायला गेलं की बेडरूम किती आणि वारा कुठून येतो हे एजंट नंतर सांगतो. आधी सांगतो जनरेटर किती केव्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा आहे, एक आहे की दोन, आणि डिझेलचा खर्च सर्व्हिस चार्जमध्ये धरलाय की वेगळा द्यायचा. भाडं बहुतेक ठिकाणी वर्षभराचं एकरकमी आगाऊ भरावं लागतं, त्यामुळे हे सगळं आधीच विचारून घेतलेलं बरं. पुण्यात घर बघताना आपण ‘बोअर आहे का, टँकर लागतो का’ विचारतो ना, तितक्याच सहज तिथे डिझेलचं विचारतात.

मी तिथे एका निवासी संकुलाची देखभाल बघते. लिफ्ट, पंप, सांडपाण्याचा एसटीपी हे सगळं आहेच, पण खरा संसार दोन जनरेटरांचा. सध्या सुट्टीवर कोथरूडला आई-बाबांकडे आले आहे, आणि इथल्या सोसायटीच्या जनरेटरने नुकताच जो प्रताप केला त्यावरून हे लिहायला बसले. पण आधी लागोसचं सांगते.

नायजेरियाची लोकसंख्या 20 कोटींच्या वर आणि राष्ट्रीय ग्रिडमधून एरवी मिळणारी वीज 4 ते 5 हजार मेगावॅट. एकट्या महावितरणची उन्हाळ्यातली मागणी 25 हजार मेगावॅटच्या आसपास जाते, यावरून काय ते समजा. 2024 साली तिथलं ग्रिड अनेकदा कोसळलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘बँड ए’ नावाच्या वरच्या गटातल्या ग्राहकांचा दर तिपटीहून जास्त वाढवला आणि बदल्यात त्यांना दिवसाला किमान 20 तास वीज द्यायची असं ठरलं. चोवीस तासांचं आश्वासन कोणी देतच नाही, हा त्यातल्या त्यात प्रामाणिकपणा म्हणायचा.

लाइट आली की गल्लीतली पोरं ‘अप नेपा!’ अशी आरोळी ठोकतात. नेपा ही जुनी सरकारी वीज कंपनी. 2005 मध्येच ती इतिहासजमा झाली, 2013 मध्ये वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं, आरोळी मात्र तीच राहिली. हसू नका. आपल्याकडेही महावितरण होऊन 2005 पासून इतकी वर्षं झाली, आणि बाबा अजून ‘एमएसईबीला फोन लाव’ म्हणतात.

ज्यांना मोठा जनरेटर परवडत नाही ते हातात उचलून नेता येईल असा छोटा पेट्रोलचा घेतात. एक टीव्ही, दोन पंखे, चार दिवे. त्या मशीनचं लाडकं नाव ‘आय बेटर पास माय नेबर’, म्हणजे शेजाऱ्यापेक्षा माझं बरं चाललंय! नाव गमतीचं असलं तरी प्रकार जीवघेणा आहे. पाऊस आला किंवा चोरीची भीती वाटली की लोक तो पॅसेजमध्ये, कधी स्वयंपाकघरात आणून ठेवतात, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने कुटुंबच्या कुटुंबं झोपेत जातात. या वायूला ना रंग ना वास. मे 2023 मध्ये पेट्रोलवरचं अनुदान काढलं आणि भाव एका फटक्यात दुपटीच्याही वर गेला. तेव्हापासून ज्याला जमेल तो छतावर सोलर आणि घरात लिथियम बॅटरीचा इन्व्हर्टर बसवतोय. पर्यावरणाच्या प्रेमापोटी नाही, पेट्रोलपंपावरच्या आकड्यापोटी.

आता आमच्या दोन मशीनांकडे येते. जनरेटर घेताना पाटीवरच्या केव्हीएइतकंच एक दुसरं रेटिंग महत्त्वाचं असतं, आणि पुण्यात ते फारसं कोणी वाचत नाही. ‘स्टँडबाय’ रेटिंगचं मशीन वर्षातून साधारण 200 तासांपर्यंत, म्हणजे वीज गेली तरच चालवायला असतं. ‘प्राइम’ रेटिंगचं मशीन कितीही तास चालवा, फक्त सरासरी लोड सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवा. इंजिन तेच असू शकतं, पण प्राइमला पाटीवरचा आकडा थोडा कमी लिहिलेला असतो. लागोसमध्ये स्टँडबायचा आकडा बघून कोणी मशीन घेतलं, तर वर्षाचे 200 तास पहिल्या महिन्यातच उडतात.

आमची दोन मशीनं आलटूनपालटून चालतात. दर 250 तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलायचे. आपल्या सोसायट्यांत वर्षातून एकदा होणारी सर्व्हिस तिथे तीन-चार आठवड्यांनी येते. दिवसा सगळ्यांचे एसी चालू असतात तेव्हा मोठं मशीन, रात्री उशिरा लोड उतरला की छोटं. हे डिझेल वाचवायला तर आहेच, पण मोठं मशीन रिकामं पळवू नये म्हणूनही आहे. त्याकडे पुढे येतेच.

डिझेलचा टँकर आला की आमचा टेक्निशियन आधी पाण्याची एक रिकामी, स्वच्छ बाटली काढतो. टँकरच्या खालच्या कॉकमधून ती भरायची, भिंतीवर ठेवायची आणि गप्प उभं राहायचं. ड्रायव्हर घाई करतो, हॉर्न वाजवतो, हा ढिम्म. थोड्या वेळाने डिझेलखाली पाण्याची रेघ दिसली तर टँकर तसाच परत. रेघ नसेल तर बाटली उन्हाकडे धरून रंग बघायचा, बोटांवर घेऊन चोळायचं, वास घ्यायचा, मग पाइप जोडायचा. टाकीत डिपस्टिक आधी आणि नंतर. माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा माझा त्या बाटलीवर जास्त विश्वास आहे.

तर असं मशीन रोज चालतं, झिजतं, गळतं, खर्चात पाडतं. पण लाइट गेल्यावर चालूच झालं नाही, असं क्वचितच होतं. काल रात्री चालू होतं, आज का होणार नाही?

आता कोथरूड.

वळवाचा पाऊस आला, झाड तारेवर पडलं आणि लाइट गेली. गुरुवार नव्हता, म्हणजे महावितरणच्या देखभालीची ठरलेली वीजबंदी नाही, त्यामुळे सगळे बेसावध. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या, पण लिफ्टला बॅटरीवरचं एआरडी आहे, त्याने लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडलं. जनरेटरने मात्र दोनदा ‘घर्र’ केलं, तिसऱ्यांदा नुसतं ‘टक’, आणि पॅनेलवर लाल दिवा. वॉचमन छत्री घेऊन मशीनकडे बघत उभा होता. सेक्रेटरी काका खाली आले. म्हणाले, “असं कसं? दर शनिवारी दहा मिनिटं चालवतो की हो आपण!”

सेल्फची बॅटरी बसली होती, बाकी काही नाही. जनरेटर चालू न होण्याचं जगभरातलं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे. लाखो रुपयांचं मशीन आणि अडतं काही हजारांच्या बॅटरीपाशी. चार्जर पॅनेलमध्ये होता, त्याचा फ्यूज कधी उडाला कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीची बॅटरी जोडून शेवटी चालू केला.

सकाळी काकांबरोबर खाली जाऊन मी कॅनोपी, म्हणजे मशीनवरची आवाज अडवणारी पेटी, उघडायला लावली. गेल्या खंडेनवमीचा झेंडूचा हार वाळून अजून लोंबत होता. एक्झॉस्टच्या जोडावर काळं, चिकट, डांबरासारखं काहीतरी ओघळलेलं. काका म्हणाले, “ऑइल लीक आहे, मेकॅनिकला सांगितलंय.” पण ते इंजिन ऑइल गळत नव्हतं. डिझेल इंजिन रिकामं किंवा फारच कमी लोडवर चालवलं की आत पुरेशी उष्णता होत नाही. सगळं डिझेल जळत नाही, आणि उरलेलं काजळीत मिसळून एक्झॉस्टमधून बाहेर पाझरतं. इंग्रजीत याला वेट स्टॅकिंग म्हणतात. दर शनिवारी दहा मिनिटं रिकामा चालवणं म्हणजे मशीनची काळजी घेणं नाही, दर आठवड्याला थोडी काजळी भरणं आहे. अमेरिकेतलं एनएफपीए 110 हे मानक तर म्हणतं, महिन्यातून एकदा निदान 30 मिनिटं, आणि तेही पाटीवरच्या क्षमतेच्या किमान 30 टक्के लोडवर. तेवढा लोड मिळत नसेल तर वर्षातून एकदा बाहेरून लोड बँक आणून चालवा. लोड बँक म्हणजे मोठ्या हीटरांचा डबा, विजेची नुसती उष्णता करतो.

मी हे सांगितल्यावर काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “म्हणजे आम्ही इतकी वर्षं नियमाने चुकीचं करतोय.” मला हा माणूस आवडतो.

हिशोब मांडला तर आणखी एक गोष्ट निघाली. आमचं मशीन 100 केव्हीएचं, म्हणजे 80 किलोवॅट. तीस टक्के म्हणजे 24. पण दोन लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे सगळे मिळून वीससुद्धा भरत नव्हते. बिल्डरने फ्लॅटमध्येही बॅकअप देण्याच्या बोलीवर मोठं मशीन घेतलं आणि तारा काही कधी ओढल्याच नाहीत. पुण्यात अशा सोसायट्या भरपूर सापडतील. मोठं मशीन म्हणजे जास्त सुरक्षित, असा सगळ्यांचा समज असतो, पण बिचारं मशीन उपाशी मरत असतं.

उपाय आवारातच होता. आगीसाठीचा मुख्य पंप याच जनरेटरवर जोडलेला. रविवारी सकाळी फायरची एजन्सी बोलावली, पंप टेस्ट लाइनवर पाणी परत टाकीत सोडत चालवला, लिफ्ट आणि बाकीचे पंपही सोबत. लोड तीस टक्क्यांच्या वर गेला. पंपाची मोटार सुरू होताना दिवे क्षणभर मंदावले, मशीनने दम खाल्ला, पण पडलं नाही. खऱ्या आगीच्या वेळी महावितरणची लाइन बंद करून हाच पंप जनरेटरवर चालवायचा असतो, आणि तो उचलतो की नाही हे तोपर्यंत कोणी तपासलंच नव्हतं. सुरुवातीला काळा धूर निघाला, हळूहळू राखाडी झाला, शेवटी दिसेनासा.

पहिल्या मजल्यावरून तक्रार आलीच. धुराची आणि आवाजाची. आवाजाबाबत आमचं मशीन निर्दोष आहे, कॅनोपीपासून एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा ते पाळतं. धुराबाबत मात्र तक्रार शंभर टक्के रास्त. नियम असा की धुराडं इमारतीच्या उंचीच्या वर, केव्हीएच्या वर्गमूळाच्या 0.2 पट मीटर न्यायचं. 100 केव्हीएला गच्चीच्या दोन मीटर वर. आमचा पाइप पार्किंगच्या पत्र्यापाशीच संपतो. ते काम आता कोटेशनवर आहे.

हे सगळं पुण्यात सांगावं लागतंय याची मला खरं तर मौज वाटते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 पासून खडकीला, कमिन्स 1962 पासून कोथरूडला. निम्म्या नातेवाइकांची नोकरी याच इंजिनांवर झाली. आणि 2006 मध्ये महाराष्ट्रभर भारनियमन चालू असताना पुण्यातले दिवे चालू राहिले ते कारखान्यांच्या जनरेटरांमुळे, हे आज कितीजणांना आठवतं? कमाल मागणीच्या तासांत उद्योगांनी स्वतःची मशीनं चालवली, वाचलेली ग्रिडची वीज शहराला मिळाली, आणि डिझेलचा जादा खर्च वीज नियामक आयोगाच्या परवानगीने ग्राहकांच्या बिलात थोडा आकार लावून भरून काढला. ‘पुणे मॉडेल’ म्हणून त्याची चर्चा झाली. लिटरभर डिझेलमधून साडेतीन युनिटच्या आसपास वीज निघते, म्हणजे नुसत्या इंधनाचाच खर्च घरगुती दरापेक्षा कितीतरी जास्त. तरीही अंधारापेक्षा तो परवडला.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात जास्त खातोय. आमचं मशीन तळघरातल्या पार्किंगच्या उताराच्या तोंडाशी जमिनीवरच बसवलंय. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात बुडाले. माणसांनी जिन्यात साखळी करून डिझेलचे कॅन हातोहात तेरा मजले चढवले, आणि तरीही शेवटी रुग्णांना हलवावंच लागलं. इतकं लांब कशाला, 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडवर एकता नगरीत पार्किंगमध्ये किती पाणी होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. लागोसमध्ये पूर नेमेचि येतो, त्यामुळे तिथे मशीन, पॅनेल आणि चेंजओव्हर (ग्रिडवरून जनरेटरवर नेणारा स्विच) तिन्ही उंच काँक्रीटच्या ओट्यावर ठेवतात. नुसतं मशीन वर नेऊन पॅनेल खाली ठेवलं तर उपयोग शून्य.

ओट्याचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे. त्यात पार्किंगची एक जागा जाणार, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आपला विरोध आत्ताच लेखी देऊन ठेवलाय, आणि पोच मागितलीय.